रिकाम्या खुर्चीला विचारलेलं

५ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

“आत कोणी नाही, नंतर या,” असं तो ऑफिसच्या दारातला शिपाई तुला म्हणाला होता, तेव्हा मी तुझा हात धरून उभी होते. माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी गेलो होतो आपण. आत पंखा फिरत होता, कपबशी वाजली होती. तरी तू मान डोलावलीस आणि आपण परत आलो. काल बाईंनी वर्गात विचारलं की बंद दाराची भीती कुणाकुणाला वाटते, तेव्हा मला तेच आठवलं. हात मात्र सगळ्यांनीच वर केले.

इथे माझं बरं चाललंय. वर्ग एका जुन्या शाळेच्या इमारतीत भरतो, राहणंही तिथेच. आम्ही सगळ्या अशा घरांतल्या, जिथून अजून कुणी कॉलेजात गेलेलं नाही. म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधी कॉलेजची सवय करून घ्यायची. ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं, तासाला काय उतरवून घ्यायचं, काय सोडून द्यायचं. घरी पत्र लिहिणं हाही अभ्यासच आहे, तेव्हा लेकीची माया उतू चाललीय म्हणून फुशारून जाऊ नकोस.

बाईंनी एक गमतीचा सराव लावलाय. व्हरांड्याच्या टोकाला एक रिकामी खोली आहे. एक टेबल, अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. पलीकडच्या खुर्चीत प्राध्यापक बसलेत असं समजायचं. दार वाजवायचं, आत जायचं, बसायचं, आपला प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबायचं. मग आभार मानून बाहेर यायचं. ते थांबणंच कुणाला जमत नाही. माझ्या शेजारच्या कॉटवरची गोटी तर प्रश्न विचारता विचारताच उठून पळाली.

काल दुपारी मी मात्र थांबले. तासाला काहीच कळलं नाही तर काय करू, असं विचारलं होतं. आई, हसू नकोस. मला उत्तर मिळालं. समोरच्या खुर्चीकडून, बाईमाणसाच्या आवाजात, सर्दी झाल्यासारखं. “कळलं नाही हे पहिल्याच दिवशी सांग. शेवटच्या दिवशी सांगणाऱ्याला कुणी समजावत बसत नाही.” खुर्ची रिकामीच होती. मी आभार मानले आणि बाहेर आले. कुणाला बोलले नाही.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आम्ही खुशाल आहोत. बाबा रात्रपाळीहून येताना भेटेल त्याला थांबवून सांगतात की लेक कॉलेजची तयारी करतेय. कालपासून दूधवाला आम्हाला टाळायला लागलाय.

आता जे लिहिते ते घाबरून वाचू नकोस. तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तू त्या खोलीत गेलीस त्याच दुपारी मी लाँड्रीत इस्त्रीच्या रुळावर होते. ओल्या चादरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं लांबडीकडे, दोघींनी मिळून ती तापलेल्या रुळात सारायची, हे तुला ठाऊकच आहे. मध्येच लांबडीने मला हटकलं. म्हणाली, कुणाची शिकवणी घेतेस गं, चादरीची? मी म्हटलं, मी कुठे काही बोलले? तर तिने मला माझंच बोलणं म्हणून दाखवलं. पहिल्या दिवशी सांग, शेवटच्या दिवशी कुणी समजावत बसत नाही. शब्दाला शब्द तोच. मला त्यातलं काही आठवत नाही. सर्दी मात्र होती.

मी आठवीत शाळा सोडली. असलं बोलणं माझ्या तोंडी कुठून येणार? योगायोग असेल म्हणून सोडून द्यावं म्हणते. तूही दे. बाईंना सांगू नकोस, उगाच मुलगी भित्री आहे असं व्हायचं.

तेल लाव, केस कोरडे ठेवू नकोस. माया आहेच, ती वेगळी काय लिहायची.

तुझी,
आई

१८ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

मी सोडून दिलं नाही. रागावशील, पण आधी वाच.

पुढच्या महिन्यात कॉलेजची मुलाखत आहे. मला एकाच प्रश्नाची धास्ती होती. आईवडील काय करतात, असं विचारलं की मी काय सांगू? चार दिवसांपूर्वी दुपारी खोलीत जाऊन मी हेच विचारलं. मी थांबून राहिले. मग खोलीत वाफेचा वास आला, ओल्या सुती कापडावर इस्त्री फिरवल्यावर येतो तसा. टेबलावर हात ठेवला तर लाकूड कोमट. आणि आवाज आला, “आई लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, वडील पहारा करतात, एवढंच सांग आणि थांब. माफी मागितल्यासारखं हसू नकोस.”

आई, मी तसं हसते हे मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी रोज जाते. गोटीचे प्रश्नही मीच विचारून येते, ती दाराबाहेर नखं खात उभी राहते. निबंधाची सुरुवात कुठून करावी, खोलीतल्या मुलीशी पटलं नाही तर काय करावं, सगळ्याची उत्तरं मिळतात, आणि ती बरोबर निघतात. बाईंना वाटतं मी फार नेटाने सराव करते. काल वर्गासमोर माझं कौतुक केलं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पण तो आवाज तुझाच आहे. फक्त तू असं कधी बोलत नाहीस. कसं सांगू, तू शिकली असतीस तर जशी बोलली असतीस, तसा. त्या दुपारी तू काय करत होतीस ते कळव. लोभ असू दे, राग नको.

तुझी,
भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. फार नाही. बाहीचं टोक चादरीबरोबर रुळात गेलं, लांबडीने लाल बटण दाबून रूळ थांबवला. ती म्हणते, तुझे डोळे उघडे होते, पण तू इथे नव्हतीस. समोर कुणी बसलंय आणि तू त्याचं ऐकून घेतेस असा तुझा चेहरा होता. सुपरवायझरने मला दम दिला, मग रुळावरून काढून घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. ते बरंच झालं.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. पहिल्यांदा आठवत नव्हतं, हल्ली आठवतं. दुपारी दार वाजतं. मी ये म्हणते. तू आत येतेस आणि खुर्चीच्या कडेवर बसतेस, पूर्ण टेकून बसत नाहीस. खालच्या ओठावर दात दाबतेस. खिडकीची एक कडी तुटलीय, तिथे सुतळी बांधली आहे. हे तू मला लिहिलेलं नाहीस, खरं ना?

आणि एक. तू लिहितेस खोली रिकामी आहे. माझ्या पाठीमागे मात्र भिंतभर कपाटं असतात. पुस्तकांनी भरलेली. ती सगळी मी वाचलेली असतात. तू विचारतेस तेव्हा मला नुसतं मागे वळायचं असतं, कुठल्या कपाटात काय आहे ते हाताला माहीत असतं.

चादरीच्या घडीवर भानावर येते, तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

बाबांना मी बोटांचं सांगितलंय, बाकीचं नाही. तूही सांगू नकोस. जपून राहा.

तुझी,
आई

६ जुलै

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. खिडकीला सुतळी आहे. ती बघून आले, दारातूनच.

आधी चांगली बातमी. मुलाखत झाली. तिघेजण होते. आईवडील काय करतात हे मधल्यांनी विचारलं. मी सांगितलं आणि थांबले. हसले नाही. त्यांनीही काही वेगळं केलं नाही, पुढचा प्रश्न विचारला. इतक्या साध्या गोष्टीला मी किती वर्षं घाबरत होते. माझी निवड झालीय, आई. गोटीचीही. बाबांना सांग, म्हणजे पेपरवालाही टाळायला लागेल.

आता दुसरं. मी जायची थांबले म्हणून गोटी एकटी आत गेली. संध्याकाळी म्हणाली, आतल्या बाईंनी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही, फक्त विचारलं की भिंगरी कुठे आहे. मी बाईंना काय ते अर्धंमुर्धं सांगितलं. त्या स्वतः जाऊन त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, आणि म्हणाल्या की खुर्ची खुर्चीसारखीच आहे, तुम्ही मुली दमला आहात. सराव आता अंगणात घेतात.

पण काल दुपारी व्हरांड्यातून जाताना त्या दारावर टकटक झाली. आम्ही कायम बाहेरून वाजवायचो. हे आतून होतं. तीनदा, हळू, जसं आपण दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून वाजवतो तसं.

तू ठीक आहेस ना? दुपारी कुणाशी तरी बोलत राहा. लांबडीला सांग, मला एकटी सोडू नकोस म्हणून. पुढच्या रविवारी वर्ग संपतो, मग सामान दुसरीकडे नेणार आणि इमारतीला कुलूप लागणार. तोवर कळ काढ. मला आता काही विचारायचं नाही. जेवढं सांगितलंस तेवढं मला पुरेल. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

निवड झाल्याचं वाचून दाखवलं आणि बाबा पायरीवरच बसले. नंतर मला म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग ते स्वतः अक्षरं लावत बसले. तुझ्या बातमीने घर उजळलंय, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तू ते विसरणार नाहीस.

दार मीच वाजवलं.

तू येईनाशी झालीस म्हणून माझं जाणं थांबलं नाही. घड्या घालताना दुपार झाली की मी तिथे असतेच. कपाटं असतात, उजेड असतो, समोरची खुर्ची रिकामी असते. दार आतून उघडत नाही. मी पुस्तक काढते, वाचते, ठेवते. वाट बघते. तुझी ती मैत्रीण आली होती, गरीब पोर आहे, घाबरली माझ्यामुळे. तिला सांग, मी रागावले नव्हते. कुणी आलं याचाच मला इतका आनंद झाला की तिचा प्रश्न ऐकायचा राहून गेला.

लांबडी बोलत असते माझ्याशी, अगदी दुपारभर. तिचा आवाज दुरून येतो. ती म्हणते परत यायला मला हल्ली फार वेळ लागतो. काल सुटीची घंटा झाली, सगळ्या गेल्या, तरी मी चादर धरून बसलेली होते. तिने गालावर थापट्या मारल्या तेव्हा कुठे उठले. घरी आले तर मिठाचा डबा कुठे असतो ते आठवेना. बाबांनी काढून दिला.

तुला वाटेल आईला भीती वाटत असेल. वाटते. पण बाळा, इथे मला दिवसभरात काय विचारतात? किती चादरी झाल्या. जेवायला काय आहे. तिथे मी मागे वळते आणि मला माहीत असतं. ते कसं असतं हे तुला आता कळेल, थोड्या दिवसांनी. तुला ते पुढे पुष्कळ मिळणार आहे.

रविवारी कुलूप लागेल असं लिहिलंस. कुलूप लागल्यावर मी कुठल्या बाजूला असेन ते मला सांगता येत नाही.

तू नाही म्हणशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या जागी मी असते तरी नाहीच म्हटलं असतं, वर आईला चार शब्द सुनावले असते. माझ्यावर माया आहे म्हणूनच तू यायची नाहीस, तेही समजतं. तरी मागते. शनिवारी दुपारी एकदा ये. दार वाजव. या वेळी खुर्चीत टेकून बस. मुलाखतीचं नको, निबंधाचं नको, तुला खरंच माहीत नाही असं काहीतरी मला विचार, आणि मी सांगून होईपर्यंत उठू नकोस.

तुझी,
आई