देवळाच्या वाटेवर राहिलेली चप्पल

गुरुवार, दिवेलागणीनंतर. जव्हार.

गेल्या आठवड्यात कमरेतून पायात जाणारी कळ एकाएकी थांबली. वाटलं, देवीने ऐकलं. आता मणक्याचं ऑपरेशन नको, खर्चही वाचला. नारळ फोडून देवळातून घरी आले तर उजव्या पायात चप्पलच नाही! वाटेत कुठे गळली, कळलंसुद्धा नाही. हे म्हणाले, "काय गं, देवीला चप्पल वाहून आलीस?"

आज नाशिकला डॉक्टरांकडे गेलो ते ऑपरेशन नको म्हणून सांगायलाच. ह्यांनी हसतहसत चपलेचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "ताई, उजवं पाऊल वर उचला." माझं पाऊल उचलेचना. म्हणाले, "मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय. इतके दिवस नस ठणकत होती, आता ती गप्प झालीय, म्हणून चप्पल गळलेलीही कळली नाही. हे बरं होणं नाही. दाब काढायला हवा, तोही लवकर."

"मग पाय पहिल्यासारखा होईल?"

"बहुतेक होईल. पण वचन नाही देत."

म्हणजे मी नारळ फोडला तो कशाचा? देवीने ऐकलंच नाही का? परतताना घाट उतरेपर्यंत हेच डोक्यात. मग वाती वळताना वाटलं, चप्पल गळली नसती तर आज डॉक्टरांना काय कळलं असतं? मी तर कळ थांबली एवढंच सांगून उठले असते.

सोमवारी भरती व्हायचं ठरलं. भीती आहेच. डावी चप्पल हे टाकायला निघाले होते, मी ठेवून घेतली. पाय बरा झाला की उजवी शोधायला देवळाची वाट मीच चढून जाईन.