केळझरच्या चढावर जळालेला क्लच

रोशन,

तू नागपुरात लॅपटॉप लावून गाडीच्या डिझेल इंजिनची ताकद वाढवून आणली, बेस केलं. आज केळझरच्या चढावर गाडी अशी उडाली की देवळातला गणपती सोंड सावरून बसला. मग क्लच जळाला. कंपनीचा माणूस म्हणे, सेटिंग बदलली, आता वॉरंटी विसरा.

तुझे सासरे सोबतच होते. "हे कवा केलं?" म्हणे. मी म्हटलं, "सासूले दवाखान्यात पाहून आलो असं रोशननं छायाले सांगितलं, त्याच दिवशी. दिवसभर गॅरेजातच बसून होता."

हे ऐकून छाया त्याईच्यासंगं माहेरी, तळेगावले गेली. वरण गॅसवर आहे, गरम करून खाजो.

जन्मभर थापा मारल्या, सुनेले एकही पटली नाई. आज एकदाच खरं बोललो, तर पोरीनं पुरावाही मागितला नाई.

— बाबा