बटण पेटीत का बसत नाही

गुरुवार, अठरा तारीख
सकाळचा चहा झाल्यावर

विहीणबाईंना माझा नमस्कार,

गुडघा कसा आहे? काठी सुटली की अजून धरावी लागते? घाई मात्र करू नका. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी घाई केली आणि परत महिनाभर पलंगाला खिळल्या. त्यांचा स्वभावच तसा, भात शिजायच्या आधी दहादा झाकण उघडून बघणार. असो. मी बरी आहे. काम पुष्कळ. सुट्ट्या जवळ आल्या की लोकांना एकदम आठवतं, आपल्या पँटी लांब आहेत.

बटण मजेत. काय सांगू तुम्हाला, असलं गोड कुत्र्याचं पिल्लू मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या चपलेत बसला तर नुसते कान बाहेर दिसतात. ही जात मोठी होऊनही मांजराएवढीच राहते म्हणे, म्हणजे आता किती असेल बघा. शिवणाच्या मशीनचं पायडल चालू झालं की त्या तालावर मान हलवतो. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही पळवली आणि वर माझ्याकडेच असा बघतो, जणू मीच चोर. मी इतकी हसले की तोंडातली टाचणी गिळायचीच राहिली.

बटणला महिनाभर शिकवून तुमच्याकडे धाडायचं म्हणून तुम्ही पाठवलेलं सगळं मिळालं होतं. ते जाळीचं घडीचं कुंपण, ती न्यायची-आणायची पेटी, आणि कागद. अकरा सूचना, खाली पट्टीने ओढलेल्या लाल रेघा. शाळा चालवलेल्या बाईचा कागद लांबूनच कळतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, वाचायला वेळ लागतो, पण वाचला. दोनदा वाचला. त्यामुळे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि तुमचा जांभळा स्वेटर. न धुतलेला. कुंपणात अंथरा, म्हणजे तुमच्या घरी येण्याआधीच पिल्लाला तुमचा वास ओळखीचा होईल, असं लिहिलं होतंत.

तो मी धुतला.

गरम पाण्यात, साबण लावून, दोनदा. मग कपाटात ठेवला आणि कुंपणात माझा स्वेटर अंथरला. झालं ते असं. स्वेटर आला त्याच दिवशी चिंगीचा फोन होता. "आजी म्हणते झोपताना वाचायचं. आजी म्हणते बटणला ओरडायचं नाही. आजी म्हणते..." मी मोजायला लागले होते, मग सोडून दिलं. तुमच्या घरात आजी म्हणजे तुम्ही. मला ती मशीनआजी म्हणते. लाडाने म्हणते, मला ठाऊक आहे. पण तुमच्यापुढे काही जोडावं लागत नाही ना! फोन ठेवला आणि तुमचा स्वेटर दिसला. म्हटलं, नात रोज यांच्या मांडीवर, आता हे एवढंसं पिल्लूही यांच्याच वासाला? महिनाभर शी-शू मी काढायची आणि ओळख यांची!

हे एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. दुसरा स्वेटर पाठवा म्हटलं असतं, उंदराने कुरतडला म्हणून.

तुमच्या कागदात सहावी सूचना आहे, भुंकत असताना पेटीचं दार उघडू नये, शांत झाला की उघडावं. मी नेमकं उलटं केलं. पहिल्याच दिवशी त्याला पेटीत कोंबला, पेटी शिवणाच्या टेबलावर ठेवली आणि मशीन चालवलं. जाड कापड होतं, नुसता धडधडाट. तो केकाटला. लगेच काढला, पोटाशी धरला आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पेटी दिसली तरी तो केकाटायला लागला आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. कुंपणावर तर मी अस्तरांची कापडं वाळत घालत होते. पेटीत बसत नाही, कुंपणात राहत नाही, म्हणजे तुमच्याकडे टिकणार नाही. टिकला नाही की माझ्याकडे परत. आणि बटण इथे असला की चिंगी दर सुट्टीत इथे. मी एवढा हिशोब पक्का केला होता, विहीणबाई. तुम्ही मला अडाणी समजत असाल तर समजू नका.

मुलीला फोनवर सांगत होते, झकास चाललंय.

मग रविवारी लेक, जावईबापू आणि चिंगी असे तिघं आले. तुम्हाला चिंगीने सांगितलं असेलच, पण तिने सगळं सांगितलं नसेल. तिने पेटीत त्याच्या खाण्याचे दाणे ठेवले, गुडघ्यावर बसली आणि अगदी तुमच्यासारख्या आवाजात म्हणाली, "बटण, आत जायचं हं. घाई नाही." तो चारी पाय फाकवून मागे सरला, केकाटला आणि धावत येऊन माझ्या मांडीवर चढला. तिने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. मग तिने दाणे एकेक करून परत डब्यात भरले आणि म्हणाली, "त्याला मी नको आहे." रडली नाही. रडली असती तर मला जवळ तरी घेता आलं असतं.

स्वयंपाकघरात तुमची सूनबाई, म्हणजे माझी लेक, हळूच म्हणाली, "आई, तो कुंपणात राहिला नाही तर ठेवता नाही यायचा गं. सासूबाईंच्या पायात आला आणि त्या पडल्या तर? कुणाला तरी देऊन टाकावा लागेल."

"मग इथेच दे की."

फार पटकन बोलून गेले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आई, तू शिकवतेयस ना त्याला?"

"मग! रोज."

सोमवारी सकाळी मी कापडं उचलली. पेटीचं वरचं झाकण निघतं हे तुमच्या कागदात होतं, ते काढलं आणि खालच्या भागात वाटी ठेवली. दिवसभर त्याने लांबून मान ताणून खाल्लं. मंगळवारी चारी पाय आत. काल झाकण बसवलं आणि सुईत दोरा ओवेपर्यंत दार लावलं. माझ्या डोळ्यांना दोरा ओवायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक नाही, पण तो गप्प बसला. आज एका पँटीचा एक पाय मुडपून होईपर्यंत. कुंपण मशीनपासून लांब, खिडकीशी लावलंय. आत चिंधीचा चेंडू घेऊन बसतो.

पण हे सगळं तो माझ्यासाठी करतो. माझ्या हातून, माझ्या वासावर. चुकीचा टाका इथेच आहे, आणि तो मीच घातलेला. उसवायला मला एकटीला जमणार नाही.

म्हणून विहीणबाई, तुम्ही या. आठ दिवस राहायलाच या. जावईबापूंना म्हणावं गाडीने सोडा, मागच्या सीटवर पाय लांब करून बसा. चिंगीची शाळा पुढच्या शुक्रवारी संपते, तिलाही आणा. कुंपणाजवळ उंच खुर्ची ठेवते, वाकावं लागणार नाही. दाणे तुम्ही टाका, पेटीचं दार चिंगीने लावावं आणि तिनेच उघडावं. मी आतल्या खोलीत बसेन. तो माझ्यासाठी रडला आणि मी दाराशी आले तर दरडावून परत पाठवा. शाळेत दरडावत होतात तसं.

हे पत्र लेकीला दाखवायचं तर दाखवा. चिंगीला मात्र आजच सांगा की बटणला ती नको नव्हती, त्याला तसं शिकवलं गेलं होतं. कुणी शिकवलं, ते तुम्ही सांगू नका. ती आली की समोर बसवून मी सांगणार आहे. त्यानंतर ती मला काय म्हणेल ते म्हणू दे.

सात वर्षं तुमच्यावर जळत आलेली,
तुमची विहीण