दुरून पेटणारा ओव्हन

केरेतारो, ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ऑफिसात ओरडून बोलायची मला लाज वाटते, म्हणून पत्र. ओव्हन पोचला ना? माझ्याच डोक्यातून निघालाय तो. मी इथे फोनवर बोट ठेवलं की तो तिकडे आपल्या स्वयंपाकघरात तापतो! अठ्ठावीस तारखेला साहेबांसमोर हेच करून दाखवायचंय. त्यांना पटलं तर नोकरी पक्की, नाहीतर गाशा गुंडाळायचा. झोप उडालीय, नखं खाऊन संपलीत. त्या दिवशी तू फक्त मक्याचा केक आत ठेव. या रविवारी यायला जमत नाही, रागावू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
नोएमी

अत्लिस्को, ११ मार्च

चि. नोएमीस अनेक आशीर्वाद.

ओव्हन आला. नवरदेवासारखा ऐटीत उभा आहे. शेजारची चायो दोनदा बघून गेली. जुन्यापेक्षा ऐसपैस आहे, बरंच मावतं. केक ठेवीन, काळजी नको. पण बाई, ‘या रविवारी जमत नाही’ हे तू नाताळापासून लिहितेयस. तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठतं. एकटीसाठी काय भाजायचं? नखं खाण्यापेक्षा पोटभर जेव.

तुझी आई

अत्लिस्को, १९ मार्च

चि. नोएमीस आशीर्वाद.

घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. काल ओव्हन आपोआप पेटला. मी मागे कपडे घासत होते. तो शिट्या मारत असेलही, मला कुठल्या ऐकू यायला! धूर बघून चायो धावत आली. आत तवे, पातेली, क्रीमचे रिकामे प्लॅस्टिक डबे आणि चायोचाच केकचा डबा. सगळ्याचा लगदा झाला, पडदाही जळला. अगं, भांडी ओव्हनमध्ये नाही ठेवायची तर कुठे ठेवायची? लहानपणी तूच त्यातून तवा काढून द्यायचीस. शिकून विसरलीस होय? माझ्यामुळे नोकरी जाणार असेल तर सांग, घासूनपुसून लख्ख करते.

काळजीत असलेली,
आई

केरेतारो, २८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तो मीच पेटवला होता, तुला न कळवता, तालीम म्हणून. चायोमावशीचा फोन आला तेव्हा कळलं. तुला काही झालं असतं तर?

आज साहेबांसमोर मी तो पेटवलाच नाही. उलट विचारलं की तुमच्या घरच्या ओव्हनमध्ये आत्ता काय आहे. मग मोठे साहेब हळूच म्हणाले, तवे. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, सासूबाईंचं मोले रश्शाचं मडकं. एकच हशा पिकला. मी सांगितलं की आता हा दुरून फक्त विझवता येईल, पेटवायला घरातलंच माणूस लागेल. साहेबांनी विचारलं, मग यात नवीन काय? नोकरी अजून अधांतरीच आहे.

खरं सांगू? दुरून तुझा ओव्हन तापवला की मी घरी असल्यासारखं होईल, असं वाटलं होतं मला. चुकलंच माझं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी येते, नक्की.

तुझी,
नोएमी

अत्लिस्को, ४ एप्रिल

चि. नोएमीस खूप खूप आशीर्वाद.

नोकरीचं काय व्हायचं ते होईल. चायोचा नवा डबा मात्र येताना आण, रोज विचारते. तुझं पत्र वाचलं आणि ओव्हन रिकामा केला. तवे पलंगावर, पातेली बाबांच्या खुर्चीवर, मला बसायला जागा नाही. डुकराची तंगडी सांगून ठेवलीय, आदल्या दिवशी मसाला लावीन. पेटवायला तू ये. मला अजून तो पेटवता येत नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
आई