लाभार्थीचे नाव : खोली क्रमांक चौदा

ती. मामांस,

तुमच्या सगळ्यात आगाऊ भाचीचा वाकून नमस्कार (वाकले ती वर येताना कंबरेत कळ आली, तेव्हा नमस्कार दीडपट धरावा). गुडघे कसे आहेत? मामी फोनवर सांगत होत्या, हल्ली तुम्ही जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून सरकारला नावं ठेवता. चांगलं आहे, तेवढाच दम खायला मिळतो. मामींना म्हणावं, स्वेटर अगदी मापात झालाय, फक्त त्यातून डोकं बाहेर येत नाही. इकडे आम्ही सगळे बरे. खास काम काही नाही, सहज लिहायला बसले. फोनच केला असता, पण ही हकिगत तोंडाने सांगायला लागले की माझा आवाज बारीक होत जातो, आणि तुम्हाला उजव्या कानाने तसंही कमी ऐकू येतं.

तर मामा, आपल्या कल्याण कार्यालयात कॉम्प्युटर आला, जुन्या सगळ्या फाईलींच्या नोंदी आधीच आत भरून. (मी अजून 'आपल्या'च म्हणते. तुम्ही निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी तुमची खुर्ची तिथेच आहे. आदराने नव्हे, तिचा एक पाय मोडकाय म्हणून.) तो शिकवायला वरून एक बाई आल्या. अर्धा दिवस छान बोलल्या. म्हणाल्या, माणसाच्या त्रासाचं मूळ माणसातच शोधत बसू नका. तो राहतो कुठे, त्याला मिळतं काय, नियम कोण करतं, ते बघा. अन्याय माणसाच्या भोवती असतो, आत नसतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मी तर वहीत लिहूनही घेतलं. मग त्यांनी फॉर्म उघडला. पहिला रकाना, व्यक्तीचे नाव. दुसरा, व्यक्तीतील उणीव. भोवतालाला रकानाच नाही! मी हात वर करून विचारलं, तर म्हणाल्या, ते 'शेरा'मध्ये लिहा. शेऱ्यात चाळीस अक्षरं मावतात. त्यात नीट शिवीसुद्धा बसत नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडे शिवणवाली आली. बाई एकटी, दोन मुली, मोठी नऊ वर्षांची आणि धाकटी पाच. राहते आपल्याच कार्यालयाच्या इमारतीत, खोली क्रमांक चौदा, तळमजला, मागची बाजू. (ज्याला कुठेच थारा नाही त्याला आपण ती खोली देतो आणि वर उपकार केल्याचं तोंड करतो.) दोन्ही पोरींना खोकला, तोही असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. शाळेने तक्रार केली, दवाखान्याने चिठ्ठी दिली, आणि प्रकरण माझ्या टेबलावर. मी घरी जाऊन आले. खोली झाडलेली, पोरींचे केस विंचरलेले, मशिनवर अर्धा झालेला फ्रॉक. नाव ठेवायला जागा नव्हती. निघताना शिवणवाली हळूच म्हणाली, "ताई, आधी भिंत खोकते. मग पोरी." मी मान हलवली आणि ऑफिसात येऊन लिहिलं, 'भास होतात. आई निष्काळजी.' का लिहिलं ते विचारू नका. तुम्हीच नाही का मला पहिल्या दिवशी शिकवलंत, की जुनी फाईल पुढ्यात घेऊन नवी लिहावी, चूक होत नाही? त्या खोलीत आधी राहून गेलेल्या बाईची जुनी फाईल पुढ्यात होती, त्यात तसंच लिहिलेलं होतं, मी उतरवून घेतलं. त्यावरून समितीने येत्या शुक्रवारी बैठक ठेवली आहे. दोन्ही मुली आईपासून काढून वसतिगृहात ठेवायच्या की नाही, ते तिथे ठरणार. 'की नाही' हे नुसतं कागदावर असतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

आता माझा पराक्रम ऐका. फॉर्म भरताना शेजारच्या टेबलावर कोणाच्या तरी सासूची गोष्ट रंगली होती. एक कान तिकडे, त्यामुळे मी नावाच्या रकान्यात पत्ता टाकला आणि पत्त्याच्या रकान्यात नाव. म्हणजे लाभार्थी कोण, तर खोली क्रमांक चौदा. राहणार कुठे, तर शिवणवाली. बटण दाबलं. यंत्र जरा घुटमळलं, आणि मग त्याने त्या 'नावाच्या' सगळ्या जुन्या नोंदी शोधून एकाखाली एक लावल्या. मामा, नऊ कुटुंबं निघाली. सव्वीस वर्षांत नऊ. कोणी मोलकरीण, कोणी हमाल, कोणी नुसतीच 'परित्यक्ता'. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. आणि नऊच्या नऊ ठिकाणी, पोरांना खोकला, घरच्यांना भिंतीतून आवाज, आणि त्याच दोन शब्दांचा निकाल : आई निष्काळजी. एका घरात तर आईच नव्हती, एकटा बाप होता, तरी आई निष्काळजी. आपण माणसाच्या नावाने फाईल ठेवतो ना, म्हणून माणूस गेला की फाईल मिटते, खोली तिथेच. सव्वीस वर्षांत कोणी घराच्या नावाने लावून बघितलंच नाही. मी बघितलं तेही बावळटपणाने.

धावत आमच्या साहेबांकडे गेले. (त्यांना आम्ही रकानेसाहेब म्हणतो, माघारी.) त्यांनी चष्मा पुसला, पडदा पाहिला, आणि त्यांना घाम फुटला, नऊ कुटुंबांमुळे नाही, चुकीच्या नोंदीमुळे. एकदा नोंदवलेला लाभार्थी यंत्रातून काढता येत नाही म्हणे. त्याचं एकदा तरी समुपदेशन व्हायला हवं, किंवा त्याला बोलावून तो गैरहजर राहिला असं लिहायला हवं. मग काय, खोलीच्या नावाने पत्र निघालं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे, येताना ओळखपत्र आणावे. शिपायाने ते जाऊन खोलीच्या दाराला चिकटवलं. आम्ही दिवसभर खिदळत होतो. मी सगळ्यात जास्त, हे कबूल करते.

मंगळवारी अकराला बाहेरचा हॉल भरलेला, लख्ख ऊन, खिडक्या उघड्या. शिपायाने घसा खाकरून आरोळी दिली, "खोली क्रमांक चौदाऽऽ!" लोक हसले. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं, लोक आणखी हसले. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दार उघडलं. वाऱ्याने उघडलं असेल, मी म्हणत नाही की नसेल. पण ओल्या चुन्याचा आणि गंजाचा वास आत आला, आणि बाकावरची माणसं कोणीही न सांगता पाय आखडून घेत गेली, वाट द्यावी तशी. एक तान्हं मूल रडायचं थांबून त्या वाटेकडे मान वळवत वळवत बघत राहिलं. मग समुपदेशनाच्या खोलीचं दार लागलं. आत आमची हळूबाई बसलेली होती. (समुपदेशक आहे ती, इतकं हळू बोलते की तिच्यापुढे लोक स्वतःचंच ऐकून बरे होतात.) तिने पाच मिनिटांत 'गैरहजर' लिहून चहाला यायचं ठरलं होतं. मी दाराबाहेर उभी. आतून हळूबाईचा आवाज येत होता, एक प्रश्न, मग गप्प, मग पेनाचा आवाज. पुन्हा एक प्रश्न. चाळीस मिनिटं.

बाहेर आली ती पांढरीफटक. समोरच्या खुर्चीची गादी पिळून काढावी इतकी भिजलेली. वर नळ नाही, छत कोरडं, मी स्वतः टेबलावर चढून हात लावून पाहिलं (कंबरेचं कारण हेच). हळूबाईने फॉर्म माझ्या हातात दिला. अक्षर तिचंच होतं. त्रास काय, तर 'माझ्यात राहणाऱ्यांना खोकला होतो.' किती दिवसांपासून, तर 'सव्वीस वर्षे.' यापूर्वी काय उपाय केला, तर 'नऊ वेळा रंग दिला.' एवढ्यावर मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. खाली नऊही घरांतल्या मुलांची घरातली लाडाची नावं होती, वयासकट. हळूबाई आपल्याकडे आली त्याला वर्ष झालं नाही, तिने यातली एकही फाईल उघडलेली नाही. आणि फाईलमध्ये लाडाची नावं आपण लिहीत नाही. शेवटचा प्रश्न होता, यापूर्वी हे कोणाच्या लक्षात आले होते का. उत्तर, 'हो. पहिल्यांदा आले त्यांच्या.' आणि पुढे तुमचं नाव, मामा. पूर्ण, आडनावासकट.

मी दफ्तरखोलीत उतरले. तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर, त्या नऊतली सगळ्यात पहिली फाईल. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखीन, त्या अक्षरात तुम्ही मला बाराखडी घालून दिलीत. तुम्ही लिहिलं होतंत, 'अख्ख्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप या भिंतीतून जातो व आत फुटला आहे. खोली राहण्यास अयोग्य. मूल खोकते ते भिंतीमुळे.' त्यावर एक सरळ रेघ. तीही तुमच्याच शाईची. आणि वर बारीक अक्षरात, 'आई निष्काळजी.' मग मुलगी वसतिगृहात, फाईल बंद. मी तिथेच पोत्यावर बसले. राग आला, खूप आला. तुमचा आला, मग माझा आला, कारण तुम्ही निदान आधी खरं लिहून मग खोडलंत. मी तर थेट खोडल्यानंतरचंच उतरवलं. तुमच्या त्या दोन शब्दांवर कार्यालयाच्या तीन पिढ्यांनी नोकरी केली.

फाईल घेऊन रकानेसाहेबांकडे गेले तर म्हणतात, खोडलेला मजकूर पुरावा होत नाही, आणि खोलीचा जबाब तर मुळीच नाही, खोलीला सही करता येत नाही. (फॉर्मवर सहीच्या जागी हातभर ओल पसरली होती, ती त्यांनी पंख्याखाली वाळवली.) भिंत फोडायला सांगितलं तर म्हणे, आधी दोष सिद्ध करा, मग भिंत फोडू, आणि दोष सिद्ध करायला भिंतच फोडायला हवी. असं आहे सगळं. बाकी हवा बरी आहे. मामींनी गुडघ्यांना शेक देण्यात हयगय करू नये. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, शेजारच्यांना जे त्यांना चालेल ते.

तुमची,
आगाऊ भाची

ता. क. : काम नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. शुक्रवारी अकराला समितीची बैठक आहे, तुम्ही यायला हवं. मी नियम शोधून काढलाय : ज्याने मजकूर लिहिला आणि खोडला, त्याने समक्ष सांगितलं तर खोडलेलं पुन्हा धरता येतं. फक्त एवढंच म्हणायचं, की आधी लिहिलं ते खरं होतं, आणि रेघ कोणाच्या सांगण्यावरून मारली. गुडघ्यांची सबब चालणार नाही, जिना नाही, बैठक तळमजल्यावर आहे.

ता. क. दुसरा : तुमची लाज काढायला बोलावत नाहीये. माझ्या नोंदीबद्दल मी कालच लेखी दिलंय की ती नकलेची आहे आणि खोटी आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण मी एकटीने सांगितलं तर ती एका बाईची चूक ठरते, आणि पोरी जातातच. तुम्ही सांगितलंत तर चूक खोलीची ठरते.

ता. क. तिसरा : हे पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ता दुपारी शिवणवालीकडे जाऊन आले, बैठकीची वेळ सांगायला. धाकटी भिंतीला पाठ लावून खेळत होती. मला म्हणाली, "ती विचारते, मामा म्हणाले होते उद्या येतो आणि तुला घरी नेतो. ते अजून का नाही आले?" मी म्हटलं, कोण ती? तर पोरीने नुसता भिंतीकडे हात केला. मामा, त्या काळी वस्तीतली पोरं तुम्हाला मामाच म्हणायची ना, पहिल्या फाईलमधली ती वसतिगृहात पाठवलेली मुलगीही? मी त्या घरात तुमचा विषय कधीही काढलेला नाही. मी घाबरून सांगून टाकलं, शुक्रवारी येतायत. ते ऐकल्यापासून भिंत खोकली नाही.