सावड फिटली न्हाई

शिरड शहापूर

शालू,

वाटणी झाल्यापासून आपलं बोलणंच बंद. तरी तुझी हळद काढायला मी दिवसभर राबले, अन् आज तू माझ्या वावरात आलीस. सकाळपासून माझ्या जिवात जीव न्हवता गं! कामाच्या बदल्यात काम झालं की आपल्यात "सावड फिटली" म्हणतात. फिटली म्हणजे दोघी मोकळ्या, पुन्हा कुणी कुणाच्या बांधावर जायचं काम न्हाई. सांजेला तू तेच म्हणशील, ही धास्ती.

अन् तू दुपारीच उठलीस! "डोकं दुखून राहिलं. अर्धा दिवस ऱ्हायला माझ्याकडं," म्हणालीस अन् गेलीस. बाया म्हणल्या, रुसली. मी मात्र तोंडात पदर कोंबून हसले! घरी येऊन भिंतीवरून पाह्यलं, तर तू गुणगुणत शेळ्यांना पाणी पाजून राहिलीस. कशाचं डोकं अन् कशाचं दुखणं!

हे पत्र तुला देणार न्हाई. वाचलंस तर लाजंनं उद्याच येऊन फेडशील. तो अर्धा दिवस राहू दे तुझ्याकडं. मी मरेस्तोवर मागणार न्हाई.

तुझी थोरली जाऊ,
कौशल्या