लाबेची ओटी

२८ जुलै २००२
घर लागलं एकदाचं! नदी अगदी मागच्या दाराशी, आणि काठाने थोडं वर गेलं की चेक देश. प्रसन्न एस-बान लोकलने ड्रेस्डेनला नोकरीवर गेला की मी आणि चार वर्षांची उर्जा दिवसभर राज्य करणार. नकाशा बघून गंमत वाटली. नदी जन्मते चेक डोंगरांत, तिथे तिचं नाव लाबे. सीमा ओलांडून इकडे जर्मनीत आली की एल्बे, मग हॅम्बर्गवरून समुद्र. लग्न होऊन नाव बदललेली, आपल्यासारखीच!

३० जुलै
सासूबाईंना फोनवर नदीचं सांगितलं तर म्हणाल्या, मग सासरी आलेल्या लेकीची ओटी भर. मला तर हौसच! हळद-कुंकू वाहिलं, हिरवा खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडला. नव्या सुनेला देतात तो आशीर्वादही दिला, लवकर मांडीवर मूल खेळू दे. वर तिला आमच्या घरी ये म्हटलं. शेजारच्या केस्लरबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथे नदीला कोणी घरी बोलवत नाही.

८ ऑगस्ट
उर्जा बागेतून आली ती कपाळावर ओलं कुंकू घेऊन. आमचा करंडा वरच्या फळीवर, तिचा हात पोचत नाही. विचारलं तर म्हणाली, हिरव्या खणाच्या बाईने लावलं. त्या बाईला मूल नाही म्हणे. साबणाने घासलं, जात नाही. मला भीती वाटते आहे.

१२ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. चेककडून पाणी येतंच आहे. कुंपण बुडालं. उर्जा खिडकीतून हात हलवते. मी तिकडे बघत नाही. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही गं. पोरीला घेऊन नीघ.

१४ ऑगस्ट
एस-बान बंद, प्रसन्न तिकडेच अडकला. केस्लरबाई टेकडीवर निघाल्या, चला म्हणाल्या. उर्जा हलेना. उचलायला गेले तर भरल्या हंड्यासारखी जड. माझंच लेकरू, आणि मला उचलवेना —

१५ ऑगस्ट
खाली पाणी. आम्ही वरच्या खोलीत. दाराला कपाट लावलंय. जिन्यात बांगड्या वाजतात. चुकले गं बाई, दुसरं काहीही माग —

१६ ऑगस्ट
दाराखालून पाणी आत. उर्जाला मांडीवर घट्ट धरलंय. बाहेरून कोणी हाक मारली. उर्जाने ओ दिली. “आई,” म्हणाली. माझ्याकडे बघून नाही — दाराकडे. अगं मी आहे तुझी, मी इथे — कपाट सरकतंय — उर्जा, हात नको सोडू, हात —